अडकलो, तर चूक कोणाची? कोड्यांचा इंडी गेम जोखायची रीत

"कोडी फार अवघड आहेत" या शेऱ्यातून कोड्यांच्या गेमबद्दल काहीच कळत नाही. अडकवणं हा या प्रकाराचा धंदाच आहे. ज्यात कुठेच अडकायला होत नाही, तो गेम कोड्यांचा नव्हे, चालत जाऊन दारं उघडण्याचा. बघायचं ते एवढंच की अडकलात तेव्हा चूक कोणाची होती. उत्तर सापडल्यावर कपाळावर हात मारून "हे समोरच होतं की!" म्हणालात, तर गेमने आपलं काम चोख केलं. "हे सुचणार तरी कुणाला?" म्हणालात, तर बहुधा गेमचं चुकलं. ही दोन अडकणी वेगळी काढता आली की गुणदोषांचं निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं म्हणजे कोड्यांभोवतीचा संसार: सेव्ह, चालणं, बटणं, गोष्ट.

इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र टीमने बनवलेल्या, गेमच्या बाबतीत हे जास्त बारकाईने करावं लागतं, कारण बनवणारे हात थोडे असतात. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) लुकस पोपने जवळपास एकट्याने उभा केला, 'ॲनिमल वेल' (२०२४) बिली बॅसोने. कोडं रचणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, त्यामुळे क्लूमधली फट त्याला स्वतःला दिसत नाही. ती दाखवायला आजूबाजूला माणसं कमी असली की ती तशीच खेळाडूपर्यंत पोचते. पण याच कारणाने, मोठ्या टीमच्या बैठकीत टिकली नसती अशी विक्षिप्त कल्पनाही शाबूत राहते. एकाच मुळाची ही दोन फळं आहेत हे लक्षात ठेवून बसावं.

बसण्याआधी

वॉकथ्रू (पायरीपायरीने उत्तरं सांगणारे लेख), यूट्यूब, मित्रांच्या गप्पा, सगळं बंद. उत्तर एकदा कानावर पडलं की ते कोडं जोखायचा हक्क गेला. कोरं डोकं एकदाच मिळतं.

जवळ काय हवं? चौकटींची वही, पेन्सिल, हेडफोन, स्टॉपवॉच आणि चटकन हाताला येईल असं स्क्रीनशॉटचं बटण. चौकटींची वही नकाशे आणि जाळीची कोडी उतरवायला. हेडफोन अशासाठी की आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे लॅपटॉपच्या स्पीकरवर नीट कळत नाही, आणि काही कोडी नेमकी त्यावरच बेतलेली असतात. सबटायटल पहिल्या मिनिटापासून चालू ठेवायचे. ब्राइटनेसची पट्टी गेम सांगेल तिथे लावायची. "अंधारात काही दिसतच नाही" ही तक्रार आपल्या मॉनिटरची निघाली तर रिव्ह्यूची शोभा होते.

एका बैठकीला दीड तास पुरे. त्यापुढे डोकं शिणतं आणि स्वतःच्या थकव्याचं खापर गेमवर फुटतं. रात्री एक वाजता "अशक्य" वाटलेलं कोडं सकाळी चहाच्या आधी सुटतं, आणि अशा नोंदीचा उपयोग शून्य.

स्टीम या ऑनलाइन दुकानातून गेम घेतला असेल तर तो परत करायची मुदत खरेदीपासून १४ दिवस, आणि खेळलेला वेळ २ तासांपेक्षा कमी हवा. या दोन तासांत कोडी जोखायला जाऊ नका. तोवर गेम अजून बोट धरून चालवत असतो. त्या वेळात बघायचं ते सेव्ह, बटणं, अक्षरांचा आकार आणि कॅमेऱ्याने चक्कर येते का, हे. अपवाद छोट्या गेमचा. 'गोरोगोआ' (२०१७) दोनेक तासांत संपतोच, तिथे दोन तास म्हणजे जवळजवळ अख्खा गेम.

अडकण्याची वही

या रीतीचा कणा हाच. दहा मिनिटं काहीच पुढे सरकलं नाही की वहीत एक ओळ टाकायची: वेळ, जागा, माझ्या मते इथे काय करायचं आहे, आणि काय काय करून पाहिलं. सुटलं की त्याच ओळीच्या शेवटी लिहायचं: कसं सुटलं, किती मिनिटं गेली.

"माझ्या मते" हा रकाना सगळ्यात मोलाचा, आणि तो नंतर भरता येत नाही. ट्यूब पेटली की आधी अंधारात आपण काय चाचपडत होतो हे डोकं बेमालूम विसरतं. मग "सोपं होतं" किंवा "मूर्खपणाचं होतं" एवढंच हाती राहतं.

सुटल्यावर लगेच पुढे पळू नका. जुन्या सेव्हवर किंवा स्क्रीनशॉटवर मागे जा आणि क्लू कुठे होता ते शोधा. अडकण्याचं कारण या चारांपैकी एक निघतं.

पहिलं, क्लू दिसलाच नाही. काळोखात काळी किल्ली, दाराच्या मागच्या बाजूला चिकटवलेला कागद, सजावटीच्या दोनशे पुस्तकांत एकच उघडणारं पुस्तक. यात अक्कल नाही, नजरेची हमाली आहे. 'मशिनेरियम'ने (२००९) यावर एक तोडगा काढला: यंत्रमानव हाताच्या टप्प्यात असलेल्याच वस्तूला हात लावू शकतो, त्यामुळे सगळ्या स्क्रीनवर क्लिकचा पाऊस पाडून काही हाती लागत नाही. पण त्याच नियमामुळे एखादी कल्पना करून बघायची तर दर वेळी त्याला तिथवर चालवत न्यावं लागतं. एकाच निर्णयात गुण आणि दोष दोन्ही बसलेले असतात ते असे.

दुसरं, दिसला, पण तो क्लू आहे हे कळलं नाही. इथे घाईने निकाल देऊ नये. न कळण्यातच गंमत असलेले गेम आहेत. 'द विटनेस'मध्ये (२०१६) आधीपासून डोळ्यांसमोर असलेली गोष्टच पुढे कोडं म्हणून उभी राहते, आणि तो क्षण त्या गेमचा मानाचा तुरा आहे. मग बरं-वाईट ठरवायचं कशावरून? बघा, तीच खूण किमान दोन ठिकाणी आली होती का, आणि ती सजावटीपेक्षा वेगळी काढता येत होती का. एकदाच आलेली, सजावटीत मिसळून गेलेली, परत बघायला न मिळणारी खूण असेल तर दोष गेमच्या नावावर.

तिसरं, उत्तर कळलं पण हात चालेना. अचूक उडी, अर्ध्या सेकंदात फिरवायची चाकं, मध्येच घुसलेली मारामारी. 'ट्युनिक' (२०२२) हा मुळात एका अनोळखी लिपीतल्या मॅन्युअलची पानं जमवत नियम ओळखायचा गेम; लढाई मात्र चांगलीच कडक. त्यात मरणच न येण्याची सोय सेटिंग्जमध्ये दिली आहे, त्यामुळे ज्याला फक्त कोडी हवीत त्याचं अडत नाही. अशी सोय आहे की नाही, ही नोंद हवीच. 'चँट्स ऑफ सेनार'मध्ये (२०२३) अनोळखी भाषा उलगडण्याचा भाग इतका सुरेख, की मधूनमधून पहारेकऱ्यांची नजर चुकवत पळायला लागतं तेव्हा वाटतं, हे कशाला? कोड्यांसाठी आलेल्याला ते ताटातल्या खड्यासारखं लागतं.

चौथं, उत्तर कळलं, तर्काला धरून होतं, पण गेमला तेच चालत नाही. तुमच्याकडे काठी आहे, सळई आहे, छत्री आहे. फळीवरची पेटी ओढायला गेमला मात्र झाडूच हवा. जुन्या ॲडव्हेंचर गेमचा हा कुप्रसिद्ध रोग. 'गॅब्रिएल नाइट ३'मधलं (१९९९) मांजराच्या केसांच्या मिशीचं कोडं त्याचा मेरुमणी. ज्याचं सोंग घ्यायचं, त्या माणसाला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पासपोर्टवर मिशी काढायची आणि स्वतःच्या ओठावर मांजराचे केस चिकटवायचे. एकेक पायरी गेमच्या आत शक्य आहे, पण त्या दिशेने चालायला कुणी सांगितलं, याचं उत्तर नाही. अशा ठिकाणी बघावं की चुकीच्या वस्तूला गेम काय म्हणतो. "हे चालणार नाही" एवढंच, की "सळई गुळगुळीत आहे, पकड बसत नाही"? दुसरं वाक्य म्हणजे फुकट दिलेला क्लू. चांगले गेम चुकीच्या उत्तरांवर मेहनत घेतात.

गेम संपल्यावर वही मोजा. पहिल्या आणि चौथ्या कारणाच्या नोंदी जास्त असतील तर कोडी कच्ची. दुसऱ्या कारणाच्या जास्त, पण मागे वळून पाहताना क्लू सापडत गेला, तर गेम अवघड आहे आणि प्रामाणिकही. तिसऱ्याच्या जास्त असतील तर लेबलावर लिहिलंय त्यापेक्षा वेगळाच गेम विकला जातोय.

एक कोडं भिंगाखाली

कल्पनेतलं एक साधं कोडं घेऊ. कुलपाला चार चाकं, प्रत्येकावर सहा चित्रं: मासा, चंद्र, किल्ली, पक्षी, झाड, होडी. शेजारच्या भिंतीवर लहानमोठ्या चार तसबिरी, त्यांत मासा, चंद्र, झाड आणि होडी. दोन खोल्या मागे जेवणाच्या टेबलावर चिठ्ठी: "थोरल्याचा मान आधी." म्हणजे तसबिरी मोठ्यापासून लहानापर्यंत लावायच्या. विचार चांगला आहे. चिठ्ठी आणि भिंत यांची गाठ खेळाडूने मारायची आहे.

आता हिशेब. चार चाकं, सहा चित्रं, म्हणजे एकूण १,२९६ जुळण्या. आंधळेपणाने कुणी एवढ्या करणार नाही. पण चार चित्रं कोणती हे भिंतीवरून कळलं की फक्त क्रम उरतो, आणि चार चित्रांचे क्रम २४. एका प्रयत्नाला चार सेकंद धरले तर सगळे क्रम ९६ सेकंदांत संपतात. चिठ्ठी न वाचता दीड मिनिटात कुलूप उघडतं. खेळाडू हुशार ठरत नाही, चिठ्ठीही वाया जाते. दोन चाकं वाढवली, म्हणजे सहाही चित्रांचा क्रम मागितला, तर ७२०. तिथे चिठ्ठीशिवाय चालणार नाही.

दुसरी अडचण वेगळीच. समजा मधल्या दोन तसबिरींच्या उंचीत थोडाच फरक आहे, आणि त्यातली एक भिंतीच्या लांबच्या टोकाला. उभं राहून पाहिलं तर लांबची लहान भासते. खेळाडूने चिठ्ठी वाचली, गाठ मारली, क्रम लावला, कुलूप हललं नाही. आता तो आपला योग्य तर्कच मोडीत काढतो आणि भलतीकडे वळतो. पुढची चाळीस मिनिटं पाण्यात. वहीत "माझ्या मते"चा रकाना असेल तरच हे पकडता येतं, कारण तिथे लिहिलेलं सापडेल: "मोठ्या ते लहान, करून पाहिलं, नाही झालं."

अशा कोड्याला "अतार्किक" म्हणणं चूक. तर्क ठीक आहे, माप चुकलंय. नेमका शेरा असा हवा: मधल्या दोन तसबिरींतला फरक उभ्या जागेवरून दिसत नाही, म्हणून बरोबर उत्तरही चुकीचं ठरतं. योग्य विचार करणाऱ्याला दिलेली शिक्षा हा कोड्यातला सगळ्यात वाईट दोष. क्लू न सापडणं त्यापुढे काहीच नाही.

अंदाजाने सुटतं का, ते मुद्दाम बघा

प्रत्येक महत्त्वाच्या कोड्याला हा हिशेब लावायचा: किती शक्यता, एका प्रयत्नाला किती सेकंद, चुकल्यावर काय जातं. सहा खटके, प्रत्येक वर किंवा खाली, म्हणजे ६४. तीन आकडी कुलूप, १,०००; पण दोन आकडे कळले की फक्त १०.

'ओब्रा डिन'ने हे गणित फार देखणं सोडवलं आहे. जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं हे ठरवायचं, आणि गेम एकेक उत्तर तपासून देत नाही. तीन जणांची नशिबं बरोबर झाली की मगच ती पक्की होतात. एकेक तपासून दिली असती तर दहा उरलेल्या नावांतून योग्य नाव जास्तीत जास्त दहा फेऱ्यांत निघालं असतं. तिघांची नावं एकदम हवी म्हटल्यावर १० गुणिले ९ गुणिले ८, म्हणजे ७२० जुळण्या. तरीही दोघांबद्दल खात्री असेल तर तिसऱ्यावर अंदाज टाकता येतोच. म्हणजे थोडी पळवाट ठेवली आहे, आणि ती ठेवली हे शहाणपण. 'द केस ऑफ द गोल्डन आयडॉल' (२०२२) दुसऱ्या वाटेने जातो: रिकाम्या जागा भरल्या आणि चुका दोन किंवा त्याहून कमी असल्या तर तेवढं सांगतो, कुठल्या चुकल्या ते नाही. उंबरठ्याशी पोचलेल्याला दिलासा, वारेमाप अंदाज करणाऱ्याला काही नाही.

दुसऱ्या टोकाला 'फेझ' (२०१२). त्यातल्या काळ्या शिळेचं कोडं खेळाडूंनी शेवटी एकजुटीने, शक्यता एकामागून एक करून बघत, फोडलं. तर्काने नाही. सामूहिक करमणूक म्हणून हे दंतकथेत जमा झालं, पण कोडं म्हणून त्याच्या खात्यावर काय लिहायचं? दोष, असं आमचं मत. मात्र गेम संपवायला ते कोडं लागत नाही, हेही त्याच ओळीत लिहायला हवं. सक्तीच्या वाटेवरचं कोडं आणि आडवाटेचं कोडं यांना एकच फूटपट्टी लावू नये.

नियम शिकवतो की सांगतो

सुरुवातीच्या तासाभरात गेमने किती नियम शब्दांत सांगितले आणि किती करून घेतले, ते मोजा. 'द विटनेस'मध्ये ५०० च्या वर कोडी आहेत आणि नियम सांगणारं एक वाक्य नाही. रेघ ओढून सोडवायच्या सोप्या पाट्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत एकच नवी गोष्ट. तपासायची युक्ती अशी: नवीन खूण आली की तिचा अर्थ एका वाक्यात लिहा आणि पुढे तो खोटा ठरतो का ते बघा. चुकीचा अर्थ घेऊनही पहिल्या चारपाच पाट्या सुटत असतील तर शिकवणीत भोक आहे. चांगल्या शिकवणीत दुसऱ्या-तिसऱ्या पाटीवरच चुकीचा अर्थ आपटतो.

'कोकून'चा (२०२३) गुण याच रांगेतला. जे आता लागणार नाही त्याची वाट तो मागे बंद करत जातो, त्यामुळे अडकलात तरी उत्तर जवळपासच आहे याची खात्री असते. शोधायची जागा लहान ठेवणं हे कसब आहे, आणि ते इतकं गुपचूप होतं की रिव्ह्यूमध्ये त्याचा उल्लेखही राहून जातो. वाचकाला मुद्दाम सांगा.

चालणं, वाट बघणं, बटणं

उत्तर डोक्यात आल्यापासून ते करून होईपर्यंत किती वेळ जातो? स्टॉपवॉच लावा. एका चुकीच्या प्रयत्नाला ९० सेकंद चालावं लागत असेल आणि कोडं साधारण सहा प्रयत्नांचं असेल, तर ९ मिनिटं नुसते पाय दुखवायचे. खेळाडूला ते "कोडं कंटाळवाणं" असं जाणवतं, पण कंटाळा कोड्याचा नसतो, वाटेचा असतो. 'ओब्रा डिन'मध्येच, एखाद्याच्या मरणाचं दृश्य परत बघायचं तर जहाजावर त्याच्या अवशेषापर्यंत चालत जावं लागतं. हातातल्या वहीतून थेट उडी मारता येत नाही. शेवटच्या पंधरावीस नावांना हे फार बोचतं.

'लोरेली अँड द लेझर आइज' (२०२४) दिशा आणि एकच कृतीचं बटण यांवर चालतो. मागे जायला वेगळं बटण नाही. मेन्यूतून बाहेर पडायचं तर बाहेर पडण्याच्या पर्यायापर्यंत सरकत जायचं. एकदा ठीक, शंभरदा जाच. पण त्याच गेममध्ये वाचलेला प्रत्येक कागद नायिकेच्या आठवणीत आपोआप साठतो, कुठूनही उघडता येतो, आणि ही सोय बाकीच्यांनी उचलावी अशी. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं.

चूक परतवता येणं हा वेगळा मुद्दा. 'बाबा इज यू'मध्ये (२०१९) एक बटण दाबत राहिलं की लेव्हलच्या आरंभापर्यंत चाल-चाल मागे जाता येतं. 'ब्रेड'मध्ये (२००८) वेळ मागे फिरवणं हेच मुख्य हत्यार. ढकलायच्या ठोकळ्यांचं कोडं असेल आणि मागे फिरायची सोय नसेल, तर २०२० नंतरच्या गेमला यात सूट देऊ नका.

नशिबाचा वाटा

'ब्लू प्रिन्स' (२०२५) घेऊ. ५ गुणिले ९ अशा जाळीत रोज नव्याने खोल्या मांडत ४६ वी खोली गाठायची. प्रत्येक दाराशी तीन खोल्यांतून एक निवडायची. कोडं कळलेलं असतं, पण हवी ती खोली वाट्याला येत नाही. पहिले काही तास हे चालतं, कारण दर दिवशी दुसरंच काहीतरी हाती लागतं. मग एक वेळ येते की एकच धागा उरलेला असतो आणि तो नशिबाच्या हवाली. म्हणून अशा गेमचा गुणदोष तासांनुसार मांडावा: दहाव्या तासाला काय, चाळिसाव्याला काय. एकच आकडा दोन्ही वेळांना लागू पडत नाही. शिवाय प्रकाशनाच्या वेळी त्यात दिवसाच्या मधोमध सेव्ह नव्हता. तासभराचा डाव अर्धा टाकून उठता येत नसे.

याच्या उलट 'आउटर वाइल्ड्स' (२०१९). २२ मिनिटांची फेरी परत परत, आणि फेरीअंती हाती उरतं ते फक्त ज्ञान. दार उघडायला वस्तू लागत नाही, माहिती लागते. सगळं माहीत असलेला खेळाडू एकाच फेरीत शेवट गाठू शकतो. यानातली नोंदवही कुठल्या जागी अजून काही सापडायचं बाकी आहे हे दाखवते, पण उत्तर सांगत नाही. हिंट द्यायची तर अशी. मात्र फेरी मध्येच संपवायची ध्यानाची युक्ती एका पात्राकडून शिकली नसेल, तर चुकीच्या जागी उशिरा पोचलं की उरलेला वेळ संपायची वाट बघणं किंवा मुद्दाम मरणं आलंच, तो त्याचा दोष.

सेव्ह मोडून बघा

दोन चाचण्या. कोडं अर्धं सुटलेलं असताना ऑल्ट आणि एफ-४ दाबून गेम धाडकन बंद करा. परत उघडल्यावर ठोकळे कुठे आहेत, फिरवलेली चाकं तशीच आहेत का, नोंदी टिकल्या का, आणि आधी पाहिलेलं दृश्य टाळता येतं का? किती मिनिटांचं काम परत करावं लागलं ते आकड्यात लिहा.

दुसरी चाचणी उपद्व्यापी माणसाची. वस्तू चुकीच्या ठिकाणी वापरा, ठोकळा कोपऱ्यात ढकला, दार बंद करून किल्ली आत ठेवा, संवादात उद्धट पर्याय निवडा. पुढे जाणं कायमचं बंद होतं का? 'किंग्ज क्वेस्ट ५'मध्ये (१९९०) भूक लागली म्हणून कस्टर्डचा पाय खाल्ला, की पुढे यतीच्या तोंडावर फेकायला काही उरत नाही आणि गेम तिथेच संपतो, तेही न सांगता. आज असा सापळा बहुतेक मुद्दाम नसतो, बग म्हणून राहून गेलेला असतो. पण खेळाडूला तो बग आहे हे कळत नाही. तो बिचारा तासन्‌तास नसलेलं उत्तर शोधतो. म्हणून कोड्यांच्या गेममध्ये बगची किंमत दुप्पट धरावी.

डोळे, कान, भाषा

रंगावर बेतलेल्या प्रत्येक कोड्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो काळा-पांढरा करा. फरक कळेनासा झाला आणि आकार किंवा नक्षी सोबत नसेल, तर लाल-हिरवं वेगळं न दिसणारा खेळाडू तिथे कायमचा थांबू शकतो. विंडोजमध्ये कलर फिल्टर आधी सेटिंग्जमधून चालू करून ठेवला तर विंडोज, कंट्रोल आणि सी दाबून खेळता खेळताही बघता येतं. आवाजाच्या कोड्यांना हेच, आवाज बंद करून. 'द विटनेस'मधल्या जंगलात पक्ष्यांच्या स्वरांचे चढउतार ऐकून रेघ ओढायची आहे, आणि रंग ओळखायच्या पाट्याही आहेत. ज्याला ऐकू येत नाही किंवा रंग कळत नाहीत त्याला त्या कोड्यांचा दुसरा मार्ग नाही. इतक्या काटेकोर गेममध्ये ही उणीव जास्तच डोळ्यात भरते. उलट 'आउटर वाइल्ड्स'च्या २०२१ च्या पुरवणीत भीतीचे प्रसंग सौम्य करायचा पर्याय आहे.

भाषेचं कोडं वेगळ्याच जातीचं. 'मंकी आयलंड २'मध्ये (१९९१) माकडालाच पाना म्हणून वापरायचं आहे, कारण इंग्रजीत एका पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात. हा शब्दच ठाऊक नसेल तर कितीही डोकं चालवा, व्यर्थ. तुमच्या गेममध्ये असं शब्दखेळावरचं कोडं असेल तर ते किती आहेत आणि सक्तीच्या वाटेवर आहेत का, हे वाचकाला आधी सांगा. 'गोरोगोआ', 'मशिनेरियम', 'कोकून' यांत शब्दांवाचून चालतं, ही त्यांची जमेची बाजू.

गोष्ट आणि कोडी एकाच घरात राहतात का

याला एकच प्रश्न पुरतो. कोडं काढून तिथे साधं बटण ठेवलं तर गोष्टीचं काय बिघडतं? 'ओब्रा डिन'मधून ओळख पटवणं काढलं तर गोष्टच उरत नाही. याउलट, भावाचा मृतदेह सापडल्यावर नायिका शांतपणे सरकत्या फरशा जुळवत बसली असेल, तर कोडं आणि गोष्ट शेजारी आहेत, एका घरातली नाहीत. शेवटही असाच तपासा: शेवटचं कोडं आधी शिकलेल्या दोनतीन नियमांची सांगड घालतं, की ऐनवेळी नवाच नियम काढतं?

लिहिताना

दोष लिहायचा तर चार गोष्टी एका दमात: कुठे, काय झालं, का झालं, किती नुकसान. "तिसऱ्या प्रकरणात पंप चालू केल्याचा आवाज संगीताखाली दबतो, पंप बंदच आहे असं वाटून २५ मिनिटं गेली." अशा वाक्याचा उपयोग वाचकाला होतो, आणि बनवणाऱ्यालाही तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतो. गुणही असाच लिहा. "कोडी कल्पक" हे वाक्य खोडून टाका आणि एका कोड्याची रचना दाखवा. शक्यतो पहिल्या तासातलं निवडा, म्हणजे मजा जात नाही. पुढचं सांगावंच लागलं तर त्या परिच्छेदाच्या आधी तसं बजावा. माहितीवरच उभ्या असलेल्या गेममध्ये एक वाक्य जास्त गेलं की वाचकाचा अख्खा गेम गेला.

तुम्ही किती वेळा बाहेरून उत्तर पाहिलं, तो आकडा लपवू नका. एकूण किती तास लागले, कंट्रोलर की माऊस, कुठल्या यंत्रावर, आणि गेमची आवृत्ती कोणती, हे वर एका ओळीत. आवृत्तीचा आकडा बहुधा मुख्य मेन्यूच्या कोपऱ्यात असतो. इंडी गेमला पहिल्या काही आठवड्यांत पॅच, म्हणजे दुरुस्त्या, भराभर येतात. तुम्ही झोडपलेला दोष तोवर गेलेला असू शकतो. म्हणून अडकण्याच्या वहीतल्या पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या कारणाच्या नोंदी, शिवाय सेव्हच्या दोन्ही चाचण्या, नव्या आवृत्तीवर परत करून बघा. दुसऱ्या कारणाच्या नोंदी मात्र परत तपासता येत नाहीत. उत्तर आता तुम्हाला माहीत आहे.